भांडण आवाजाचं, गुन्हा कॅटचा

नागपुरात वर्धा रोडवरच्या आमच्या अपार्टमेंटची गेल्या महिन्यातली सभा दीड तास एकाच विषयावर अडली. तिसऱ्या मजल्यावरच्या एका पोराने आपल्या टर्बो पेट्रोल हॅचबॅकचा डाउनपाइप, म्हणजे टर्बोतून धूर बाहेर नेणारा पहिला पाइप, बदलून घेतला होता. रात्री अकराला गाडी पार्किंगमध्ये शिरताना फटाके फुटल्यासारखा आवाज येतो आणि पहिल्या मजल्यावरच्या काकांची झोप मोडते, अशी तक्रार होती. एका बाजूचं म्हणणं, या पोट्ट्यांचे सायलेन्सर पोलिसांनी रोडरोलरखाली घालावेत. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, "गाडी माझी, पैसा माझा, तुमच्या पोटात काहून दुखते?" शेवटी मांडवली झाली. पोराने मागचा मूळ सायलेन्सर परत बसवला, रीमॅपमधले, म्हणजे इंजिनाच्या बदललेल्या सॉफ्टवेअरमधले, फटाके बंद करून घेतले. गाडी गप्प झाली, काकांना झोप लागली आणि प्रश्न सुटला असं सगळ्यांनी मानलं.

प्रश्न सुटलेला नाही. त्या डाउनपाइपमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू निवळणारा "कॅट", नाही. आधी निदान आवाजामुळे कुणाला शंका आली असती, आता तीही येणार नाही. माझं म्हणणं असं आहे की टर्बो गाडीचा डाउनपाइप बदलण्यात पाप नाही, त्यातला कॅट काढून फेकणं हा मात्र गुन्हा आहे. या दोन गोष्टी आपल्याला वेगळ्या करता येत नाहीत. आपल्या सभेत येत नाहीत, चौकातल्या शिपायाला येत नाहीत आणि कायद्यालाही येत नाहीत. म्हणून आपण आवाजावर भांडतो आणि विषारी धूर मुकाट्याने निघून जातो.

मी हे काठावर बसून बोलत नाही. चार वर्षांपूर्वी मी स्वतः माझ्या गाडीला कॅट नसलेला पाइप बसवला होता आणि सात महिने तसाच फिरलो. त्यामुळे त्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा मला ठाऊक आहे, आणि तो आधी पूर्ण मान्य करतो, कारण तो विज्ञानाचा आहे. टर्बो म्हणजे एकाच दांड्यावर बसवलेली दोन चाकं. एक्झॉस्टच्या गरम वायूने टर्बाइनचं चाक फिरतं आणि दांड्याच्या दुसऱ्या टोकाचा कम्प्रेसर हवा दाबून इंजिनात कोंबतो. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने या कल्पनेचं पेटंट 1905 साली घेतलं, आणि त्यामागचं गणित आजही तेच आहे: टर्बाइनच्या अलीकडचा दाब आणि पलीकडचा दाब यांत जितकी तफावत, तितका चाकाला जोर. टर्बाइनमधून बाहेर पडलेला वायू पहिल्यांदा शिरतो तो डाउनपाइपमध्ये. हा पाइप अरुंद असेल, त्याला चेपलेली वळणं असतील, मध्ये दाट जाळीचा कॅट असेल, तर पलीकडचा दाब वाढतो, टर्बो उशिरा जागा होतो आणि वरच्या आरपीएमला इंजिन घुसमटतं. "थोडा बॅकप्रेशर, म्हणजे उलटा दाब, लागतोच," असं जुने मिस्त्री सांगतात, पण टर्बाइनच्या पुढे तरी त्याला आधार नाही. तिथे अडथळा जितका कमी तितकं बरं. मोठ्या व्यासाचा, सलग वळणांचा पाइप बसवला आणि त्याप्रमाणे ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, रीमॅप केला की गाडी खरोखर बदलते. ज्यांनी ती चालवलेली नाही त्यांनी "हे सगळं पोरांच्या मनाचे खेळ" म्हणू नये.

पण मग कंपनीने हा अडथळा तिथेच का ठेवला? अभियंत्यांना गणित येत नव्हतं म्हणून? कॅटच्या आत मधाच्या पोळ्यासारखी चिनी मातीची जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमचा पातळ थर. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड तिथून जाताना बरेचसे निरुपद्रवी होतात. मात्र हे पोळं साधारण 250 ते 300 अंश तापल्याशिवाय कामच करत नाही. थंड इंजिन सुरू केल्यावर पहिल्या मिनिट-दोन मिनिटांत गाडी सर्वांत जास्त घाण सोडते. म्हणून अभियंत्यांनी कॅट उचलून थेट टर्बोच्या तोंडाशी आणून ठेवला, की तो लवकरात लवकर तापावा. आपण ज्याला अडथळा म्हणतो, ती जागा अशी विचार करून निवडलेली आहे.

मला हे कळलं ते डिसेंबरातल्या एका सकाळी. आईला दवाखान्यात न्यायचं होतं, ती खाली येईपर्यंत मी पार्किंगमध्ये गाडी दहा मिनिटं सुरू ठेवली होती. ती मागच्या सीटवर बसली आणि म्हणाली, "काहून रे, गाडीत रॉकेल सांडलं का?" रॉकेल सांडलेलं नव्हतं. सात महिने मी त्या वासाला सरावलो होतो. माझ्या डोळ्यांना काही होत नव्हतं, तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. आणि वास येतो तो न जळलेल्या इंधनाचा. त्याच्यासोबत येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो आणि रंगही नसतो. त्या पार्किंगमध्ये रोज संध्याकाळी सायकली चालवणाऱ्या मुलांची उंची माझ्या गाडीच्या मागच्या बंपरपेक्षा फार जास्त नाही, हे त्या सकाळी पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं.

आता दुसरा मुद्दा, जो मला तांत्रिक मुद्द्यापेक्षाही जड वाटतो. शहरात अशा गाड्या आहेत तरी किती? उत्तरेला कोराडी आणि खापरखेड्याची औष्णिक केंद्रं आहेत, त्यांच्या राखेबद्दल आसपासच्या गावांच्या तक्रारी वर्षानुवर्षं चालू आहेत. अमरावती रोडवर काळा धूर ओकणारे ट्रक आहेत. या सगळ्यांना सोडून चार हौशी पोरांच्या मागे लागणं हा अन्याय नाही का? या प्रश्नातला राग मला खोटा वाटत नाही. मोठ्यांना हात न लावता लहानांना झोडपण्याची आपल्याकडे सवयच आहे. पण राग खरा असला म्हणून त्यातून काढलेला निष्कर्ष खरा ठरत नाही. चांगल्या स्थितीतला कॅट तापल्यावर हे वायू 90 टक्क्यांहून अधिक कमी करतो. म्हणजे तो काढल्यावर एक गाडी दहा गाड्यांची घाण सोडते, किंबहुना त्याहून जास्त. ही घाण उंच चिमणीतून वर जात नाही. ती सीताबर्डीच्या सिग्नलवर, शाळा सुटायच्या वेळी, जमिनीपासून फूटभर उंचीवर सुटते. आणि नाग नदीत आधीच शहराचं सांडपाणी येतं म्हणून मी माझी बादलीही तिच्यात ओतावी, हा युक्तिवाद आपल्यापैकी कुणी आपल्या मुलासमोर करेल का?

"थोड्याच गाड्या" या हिशेबाचं काय होतं, ते अमेरिकेत दिसलं आहे. तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने नोव्हेंबर 2020 मध्ये एक अहवाल काढला. दशकभरात साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअप गाड्यांची प्रदूषण-यंत्रणा मालकांनी काढून टाकली होती. त्यातून झालेलं जादा प्रदूषण इतकं, की जणू रस्त्यावर 90 लाखांहून अधिक धडधाकट पिकअप वाढल्या असत्या. त्या गाड्या डिझेलच्या होत्या, आपल्या छोट्या पेट्रोल हॅचबॅक नव्हत्या, हे खरं. आकडा इथे जसाच्या तसा लावता येणार नाही. पण हे प्रकरण कुणा एका कारखान्याने केलेलं नव्हतं. ते लाखो मालकांनी एकेक करून केलं होतं, आणि त्यातल्या प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकटेच आहोत.

शिशाचा इतिहास मला याहून जवळचा वाटतो. 1921 मध्ये थॉमस मिजली याला जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत सापडलं की पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड मिसळलं की इंजिनातलं नॉकिंग, म्हणजे इंधन अवेळी पेटून होणारी ठकठक, थांबते. नॉकिंग थांबलं म्हणजे कम्प्रेशन वाढवता येतं, कम्प्रेशन वाढलं म्हणजे ताकद वाढते. ताकद चालकाला मिळाली, शिसं रस्त्याकडेच्या मुलांच्या रक्तात गेलं. "प्रमाण अगदी अल्प आहे" हाच तेव्हाचाही बचाव होता. गाडीच्या पेट्रोलमधून शिसं हद्दपार व्हायला जगाला 2021 साल उजाडलं. अल्जेरिया हा ते विकणारा शेवटचा देश होता. आपल्याकडे एप्रिल 1995 पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅट सक्तीचा झाला आणि त्याच्यासोबतच बिनशिशाचं पेट्रोल आणावं लागलं, कारण शिशाचा थर बसला की कॅट मरतो. 2000 सालापर्यंत देशभरातलं शिसं गेलं. पुढे एप्रिल 2020 मध्ये बीएस-6 हे प्रदूषणाचं मानक आलं, तेव्हा इंधनातलं गंधकही दहा लाख भागांत 50 वरून 10 भागांवर आणलं. या दोन्ही बदलांमागे एक मोठं कारण ते पोळं होतं. ते जगावं म्हणून देशाने रिफायनऱ्या बदलल्या, आणि आपण ते काढून भंगारवाल्याला देतो. माझा मूळ पाइप गॅरेजवाल्याने "जपून ठेवतो" म्हणून ठेवून घेतला होता. परत मागायला गेलो तेव्हा तो विकला गेला होता. आतल्या धातूंमुळे भंगारात कॅटला मोठा भाव मिळतो, हे मला तेव्हा कळलं. नव्या कॅटसाठी जे पैसे मोजावे लागले, त्यांत गाडीला चार उत्तम टायर आले असते आणि वर बरेच उरले असते.

डिकॅट, म्हणजे कॅट काढलेली, गाडी मीटरवर चेक इंजिनचा दिवा का लावत नाही? खरं तर लावते. कॅटमधून वायू बाहेर पडतो तिथे एक ऑक्सिजन सेन्सर असतो. कॅट काम करत नाही हे तो ओळखतो आणि ईसीयू पी-0420 हा कोड देतो. तो येऊ नये म्हणून सेन्सरखाली एक पोकळ स्पेसर लावतात, म्हणजे सेन्सर प्रवाहातून जरा बाहेर सरकतो आणि त्याला सगळं आलबेल दिसतं. नाहीतर रीमॅप करताना तो कोडच बंद करून टाकतात. सप्टेंबर 2015 मध्ये फोक्सवॅगनचं प्रकरण उघडकीला आलं. चाचणीपुरती गाडी स्वच्छ दाखवणारं सॉफ्टवेअर, जगभरात सुमारे एक कोटी दहा लाख गाड्या. तेव्हा आपण सगळे चिडलो होतो, मीही चिडलो होतो. मग गाडीला खोटं बोलायला शिकवणारा तो स्पेसर वेगळा कसा? कंपनीने केलं तर फसवणूक आणि आपण केलं तर ट्यूनिंग?

आता कायद्याबद्दल, आणि इथे मी गाडीवेड्या पोरांच्या बाजूने उभा आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करू देत नाही, आणि 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने ते अधिक ठाशीवपणे सांगितलं. कलम 190(2) खाली हवा आणि ध्वनिप्रदूषणाच्या मानकांचा भंग केला तर 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिक्षा कडक आहे, पण ती ठरते शिपायाच्या कानावर. ज्याच्या बुलेटचा आवाज मोठा, तो पकडला जातो. ज्याने कॅट काढून मागे मूळ सायलेन्सर ठेवला, तो त्याच चौकातून हात दाखवून पुढे जातो. आणि ज्याने जास्तीचे पैसे मोजून कॅटसकट चांगला पाइप बसवला, तो कायद्याच्या लेखी कॅट फेकणाऱ्याच्याच रांगेत उभा असतो. नीट काम करणाऱ्याला कसलंच संरक्षण नसेल, तर तो जास्तीचे पैसे का मोजेल?

बदलाला परवानगी दिली तर अनर्थ होईल, असं म्हणणाऱ्यांना मी सीएनजीकडे बघायला सांगतो. पेट्रोल गाडीत सीएनजी किट बसवणं हा डाउनपाइपपेक्षा कितीतरी मोठा बदल आहे. डिकीत 200 बार दाबाचा सिलिंडर येतो. तरी तो कायदेशीर आहे, कारण त्याला वाट आखून दिलेली आहे: किटला चाचणी संस्थेची मंजुरी, बसवणारा अधिकृत, आरसी बुकावर नोंद, सिलिंडरची ठरावीक काळाने तपासणी. त्या सिलिंडरला मान्यता देणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय इथेच, आपल्या सेमिनरी हिल्सवर आहे. हवेवर संशोधन करणारी नीरी ही संस्था 1958 पासून याच शहरात आहे, पुण्यात गाड्यांची चाचणी करणारी एआरएआय आहे. कॅलिफोर्नियात हवेचे नियम अमेरिकेतल्या सर्वांत कडक नियमांपैकी आहेत, पण तिथेही सुटे भाग बनवणाऱ्याने चाचणी देऊन मंजुरीचा क्रमांक घेतला, की तो भाग रस्त्यावर चालतो. मग आपल्याकडे कॅट असलेल्या डाउनपाइपला अशी चाचणी आणि असा क्रमांक का मिळू नये? ज्या पाइपसह गाडी बीएस-6 च्या मर्यादेत बसते, त्याला नाही म्हणायचं कारण कुणी मला सांगावं.

या सवलतीच्या बदल्यात तपासणी मात्र खरी हवी. पीयूसी केंद्रावर पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात; बीएस-4 आणि नंतरच्या चारचाकीला मर्यादा 0.3 टक्के आणि दहा लाखांत 200 भाग. नळी सायलेन्सरमध्ये नीट आत घालून, इंजिन गरम असताना चाचणी केली, तर कॅट नसलेल्या गाडीला यातून निसटणं अवघड आहे. पण नायट्रोजनचे ऑक्साइड तिथे मोजतच नाहीत, आणि नळी कशी घातली जाते ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. बीएस-6 गाडीच्या स्टिअरिंगखाली ओबीडीचा, म्हणजे गाडीच्या संगणकातल्या नोंदी वाचायचा, पोर्ट असतो. पीयूसीच्या वेळी त्यात स्कॅनर लावून कॅटची स्वयंतपासणी पूर्ण झाली आहे की बंद करून ठेवली आहे, एवढं बघायला दोन मिनिटं लागतात. गाडीखाली आरसा सरकवायला आणखी एक मिनिट.

आता ज्याला खरोखर पाइप बदलायचाच आहे, कुणाचा कॅट फुटला आहे, कुणी ट्रॅकवर जातो, त्याच्याशी थोडं वेगळं बोलतो. आधी इंजिनाचा लॉग, म्हणजे गाडी चालतानाच्या सेन्सरच्या नोंदी, काढा. नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. 25 अंशांच्या हवेपेक्षा 45 अंशांची हवा सहा टक्क्यांनी विरळ असते. टर्बोला ती जास्त दाबावी लागते, दाबली की ती आणखी तापते, आणि नॉकिंग टाळायला ईसीयू ठिणगीचं टायमिंग मागे घेतो. म्हणजे उन्हाळ्याच्या दुपारी आपल्या गाडीचा गळा बहुतेक वेळा मागून आवळलेला नसतो, पुढूनच आवळलेला असतो. अशा वेळी दाबलेली हवा थंड करणारा मोठा इंटरकूलर आणि चांगल्या ऑक्टेनचं पेट्रोल पाइपपेक्षा जास्त देतं. दुसऱ्या शहरात, थंडीत, पंखा लावून काढलेला डायनोचा, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्राचा, कागद बघून पाइप मागवणाऱ्यांनी हे आधी तपासावं. आणि वेस्टगेट, म्हणजे जादा वायू टर्बाइनला वळसा घालून सोडणारी झडप, लहान असेल तर पाइप मोकळा केल्यावर बूस्ट, म्हणजे टर्बोने दाबलेल्या हवेचा दाब, ठरवलेल्या मर्यादेत राहत नाही, सरकत वर जातो. 45 अंशांत असा सरकलेला बूस्ट पिस्टन फोडू शकतो.

घ्यायचाच तर कॅटसकट घ्या. मूळ कॅटमध्ये चौरस इंचाला 400 ते 600 छिद्रं असतात. चांगल्या स्पोर्ट्स कॅटमध्ये धातूच्या पत्र्याची 200 छिद्रांची जाळी असते, तिच्यातून वायू बराच मोकळा जातो आणि सफाईही होते, मूळ कॅटइतकी नसली तरी. पण जाळी टर्बोपासून किती लांब आहे ते बघा. गाडीच्या पोटाखाली दूर ढकललेला कॅट उशिरा तापतो. स्टील 304 ग्रेडचं हवं. वळणं मँड्रेलवर, म्हणजे पाइपच्या आत आधार घालून, वाकवलेली हवीत. चेपून वाकवलेला तीन इंची पाइप वळणावर तीन इंची राहत नाही. आर्गन वेल्डिंग आतून बघा: आतल्या बाजूने काळी, फुललेली साय दिसली तर वेल्डरने आतून आर्गन सोडलेला नाही, तो सांधा पुढे तडकणार. मध्ये फ्लेक्स, म्हणजे लवचीक भाग, असलाच पाहिजे. इंजिन हलतं, पाइप हलला नाही तर टर्बोचा फ्लँज ओढला जातो.

बसवताना घाई नको. टर्बोचे स्टड शेकडो वेळा तापून निवलेले असतात. त्यांना आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल लावून ठेवायचं. जोर लावून एक स्टड तुटला की तीन तासांचं काम तीन दिवसांवर जातं. गॅस्केट दर वेळी नवी. सेन्सरची वायर पाइपला टेकता कामा नये, हीटशील्ड "जागा नाही" म्हणून भंगारात टाकायची नाही. त्याच्यामागे अ‍ॅक्सलचं रबर बूट आहे. जोडणीत बारीक गळती राहिली तर तिथून हवा आत ओढली जाते, सेन्सर मिश्रण पातळ आहे असं समजतो आणि इंजिन उगाच जास्त पेट्रोल ओततं. थंड इंजिनावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघितल्याशिवाय गाडी खाली उतरवू देऊ नका. आणि मूळ पाइप कॅटसकट घरी घेऊन या, गॅरेजात ठेवू नका. एवढं सगळं केल्यावरही आजच्या कायद्यात हा पाइप रस्त्यावर निर्धोक नाही, हे मी लपवणार नाही. म्हणून तर मंजुरीच्या वाटेसाठी भांडायचं आहे. ते भांडण आपल्याला कॅट जागेवर ठेवूनच करता येईल.

समृद्धीवर वेगाची मर्यादा 120 आहे, आणि आज बाजारातली कुठलीही टर्बो हॅचबॅक कंपनीतून निघाल्या अवस्थेत तो वेग सहज गाठते. माझ्या गाडीचा कॅट परत आल्यावर टर्बो थोडा उशिरा जागा होतो, हे मला पहिल्या दिवशी जाणवलं. पाचव्या दिवशी जाणवलं नाही. आई आता मागच्या सीटवर खिडकी उघडी ठेवून बसते.

तिसऱ्या मजल्यावरच्या पोराशी मी परवा बोललो. तो वाईट मुलगा नाही. त्याच्या पाइपमध्ये काय नाही हे त्याला विकणाऱ्याने नीट सांगितलंच नव्हतं. "स्टेज टू" एवढाच शब्द त्याला माहीत होता. त्याचा मूळ पाइप अजून गॅरेजात पडून आहे, तो या शनिवारी आम्ही दोघं जाऊन आणणार आहोत. अपार्टमेंटची पुढची सभा रविवारी आहे. मी माझा स्कॅनर घेऊन खाली पार्किंगमध्ये उभा राहणार आहे, ज्याला आपली गाडी तपासायची त्याने तपासावी. पहिली गाडी माझी असेल.